ईईजी खराब आला पण फिट एकदाही नाही, औषध सुरू करायचं का?

कलमबाग
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातून लिहितेय. मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. त्याला आजवर एकदाही फिट आलेली नाही, तापातसुद्धा नाही, हे आधीच सांगते कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात.

झालं असं की शाळेतून तक्रार यायला लागली. वही अर्धी कोरी, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, बाई म्हणाल्या की कधी कधी हाक मारली तरी लक्ष नसतं. आम्ही डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींची तपासणी, करून घ्या म्हटलं. रिपोर्टात लिहून आलं की मेंदूच्या उजव्या सेंट्रोटेम्पोरल भागात शार्प वेव्हज, म्हणजे टोकदार लहरी आहेत, झोप लागल्यावर वाढतात, एपिलेप्टिफॉर्म डिस्चार्ज, म्हणजे फिटच्या आजारात दिसतात तशा. ते वाचूनच माझे हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाले व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाचं सिरप सुरू करू, दोन-तीन वर्षं द्यावं लागेल, म्हणजे पुढे फिट येणार नाही. मग माझ्या भावाने कोल्हापुरात एका न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली, त्यांनी तोच कागद बघून सांगितलं की फिट नाही तर औषध कशाला, नीट झोपेतला ईईजी परत करा आणि मुलाकडे लक्ष ठेवा.

आता दोन डॉक्टर दोन तऱ्हा. सिरपची बाटली आणून ठेवलेली आहे, सील अजून फोडलेलं नाही, रोज रात्री ती बघते आणि परत कपाटात ठेवते. सासूबाई म्हणतात देवळात गाऱ्हाणं घालू आणि औषधही चालू कर, दोन्ही करायला काय हरकत आहे. नवरा म्हणतो तू ठरव, सध्या सीझन आहे, पेट्या भरायला माणसं मिळत नाहीत आणि तो पहाटे चारपासून बागेत असतो, त्यालाही मी काय बोलू. कुणी या वाटेने गेलंय का? काय केलंत?

रातांबा
ताई, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची असेन म्हणून स्पष्ट बोलते. डॉक्टर उगाच औषध देत नाहीत. बंदरावर बावटा लागला की होडी काढायची नाही, वादळ येतं की नाही ते बघत बसायचं नाही. आमच्या वाडीत एक मुलगा विहिरीवर पाणी काढताना झटका येऊन आत पडला होता, माणसं जवळ होती म्हणून वाचला. तेव्हापासून मला या दुखण्याची फार भीती आहे. दोन-तीन वर्षं सिरप घेतलं तर काय बिघडतं? पोराचा जीव मोठा.

खाडीपलीकडे
@रातांबा मावशी, काय बिघडतं ते मी सांगते कारण आम्ही घेतलंय. राजापूरकडची मी. माझ्या लेकाला डोकेदुखीसाठी ईईजी केला, त्यात स्पाइक, म्हणजे तशाच टोकदार लहरी निघाल्या, फिट कधीच नव्हती. लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध सुरू केलंनी. दोन आठवड्यांत पोर ओळखू येईना. आधी शांत होता तो ताट फेकायला लागला, धाकट्या बहिणीला मारायचा, रात्री रडत उठायचा आणि विचारायचा आई मला एवढा राग का येतो. हे औषधाने होऊ शकतं असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आम्हाला वाटलं आजारच वाढला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केलं, आणि पोर परत आमचं झालं. डोकेदुखीचं कारण निघालं अर्धशिशी, त्याच्या आजोबांनाही आहे.

मी औषधाच्या विरुद्ध नाही हो. ज्यांना फिट येते त्यांना याच गोळ्यांनी नवं आयुष्य मिळतं, माझ्या मावसबहिणीला मिळालंय. पण ज्या मुलाला त्रासच नाही त्याला द्यायचं तर का देतोय याचं उत्तर मिळायला हवं. कलमबाग ताई, तू सील फोडलं नाहीस ते ठीकच आहे, आधी नीट विचारून घे.

तारांचा_माणूस
मी ईईजी टेक्निशियन आहे, मूळ गाव लांज्याजवळ, नोकरी घाटावर. औषध द्यायचं की नाही हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही, पण त्या कागदावर जे येतं ते कसं येतं हे लोकांना कुणी सांगत नाही म्हणून लिहितो.

आम्ही टेपने डोकं मोजतो, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, त्याच्या दहा टक्के वीस टक्के अंतरावर पेन्सिलने खुणा करतो आणि पेस्ट लावून एकवीसेक तारा चिकटवतो. मग साधारण अर्धा तास रेकॉर्डिंग. त्या अर्ध्या तासात पोराने दात खाल्ले, डोळे मिचकावले, गिळलं, मान हलवली तर सगळं रेषेत उतरतं. आपल्याकडचा मे महिना असेल आणि एसी बंद पडला असेल तर घामाने रेषा वरखाली तरंगते. वायरिंग खराब असेल तर लाइटची पन्नास हर्ट्झची थरथर येते. शिवाय काही टोकदार लहरी अगदी निरोगी माणसालाही असतात, झोप लागताना लहान मुलांच्या रेषा एकदम उंच उसळतात, ते पूर्ण नॉर्मल आहे, पण सवय नसलेल्या नजरेला ते स्पाइकच वाटतात. जगभर ईईजी जास्त 'वाचले' जाऊन माणसांवर अपस्माराचा शिक्का बसल्याची उदाहरणं खूप आहेत.

म्हणून पहिलं काम करा, फक्त टाइप केलेला रिपोर्ट घेऊन फिरू नका, मूळ रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर किंवा सीडीवर मागा. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. दुसरा डॉक्टर रिपोर्ट वाचून मत देतो आणि रेषा स्वतः बघून मत देतो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

झोपेचा ईईजी करायचा असेल तर आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा आणि त्यानंतर तेल अजिबात लावू नका. हे मी हात जोडून सांगतो, खोबरेल तेल चोपडून आणलेल्या पोराच्या डोक्यावर तारा धरत नाहीत आणि निम्मा वेळ डोकं पुसण्यात जातो. पोराला उशिरा झोपवून लवकर उठवायला सांगतात. तुम्ही देवगडहून कोल्हापूरला जाणार म्हणजे पोर फोंडा घाटात गाडीत गाढ झोपणार आणि आमच्या खोलीत आल्यावर टक्क जागं. जमलं तर आदल्या दिवशी कोल्हापुरात नातेवाइकांकडे मुक्काम करा, सकाळी त्याला खेळवत चालवत आणा.

कलमबाग
@तारांचा_माणूस दादा, खूप आभार. खरं सांगायचं तर पहिल्या ईईजीला तेल होतं, सासूबाईंनी सकाळीच लावलं होतं. आणि तो रडत होता, मधेच थोडा वेळ झोपला. पेन ड्राइव्हचं मला माहीतच नव्हतं, उद्या फोन करते.

डॉ_लाल_माती
बालरोगतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गातच प्रॅक्टिस. मुलाला न तपासता त्याच्याविषयी मत देणार नाही, पण या प्रश्नावर सर्वसाधारण माहिती पक्की आहे ती देतो.

अपस्मार म्हणजे एपिलेप्सी हे निदान ईईजीवर होत नाही, फिटवर होतं. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१४ ची व्याख्या आहे. विनाकारण आलेल्या दोन फिट्स, त्यांच्यात २४ तासांपेक्षा जास्त अंतर. किंवा एक फिट आणि पुढच्या दहा वर्षांत परत येण्याची शक्यता किमान ६० टक्के. किंवा एखादा ओळखीचा एपिलेप्सी सिंड्रोम, म्हणजे अपस्माराचा ठरलेला प्रकार. नुसती रेषा वाकडी आली म्हणून यातलं काहीच होत नाही.

निरोगी मुलांचे ईईजी काढून बघितले तर? बघितलेत. इटलीतल्या एका अभ्यासात, १९८० साली छापून आला, ६ ते १३ वयाच्या ३७२६ मुलांचे ईईजी काढले. कुणालाही फिट नव्हती. १३१ मुलांमध्ये, म्हणजे साधारण साडेतीन टक्क्यांमध्ये एपिलेप्टिफॉर्म लहरी मिळाल्या. त्या मुलांवर आठ-नऊ वर्षं लक्ष ठेवलं तर पाच टक्क्यांच्या आसपास मुलांना फिट्स आल्या, बाकीच्यांना नाही. मोठ्यांचं प्रमाण त्याहून कमी. ब्रिटिश हवाई दलात भरती व्हायला आलेल्या १३,६५८ तरुणांपैकी फक्त अर्ध्या टक्क्याच्या ईईजीत असं काही दिसलं आणि त्यातल्याही फारच थोड्यांना पुढे फिट आली, तो अभ्यास १९९३ चा.

कलमबाग ताई, तुमच्या रिपोर्टात सेंट्रोटेम्पोरल लिहिलंय. मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणारा स्पाइक हाच, त्याला रोलँडिक म्हणतात, आणि तो झोपेत वाढणं हा त्याचा स्वभावच आहे, त्याने घाबरू नका. असे स्पाइक असलेल्या मुलांपैकी दहा टक्क्यांपेक्षाही कमी मुलांना कधी फिट येते, आणि ज्यांना येते त्यांचीही बहुतेकदा वयात येता येता आपोआप थांबते. त्यातल्या कित्येक मुलांना तर एक-दोन फिट आल्यावरही आम्ही औषध देत नाही.

रातांबा काकूंनी बावट्याचं सांगितलं. बावटा लागल्यावर होडी न काढण्यात एका दिवसाची कमाई जाते, म्हणून ते शहाणपणाचं आहे. इथे बावट्याची किंमत दोन-तीन वर्षं रोज मुलाच्या शरीराने द्यायची आहे. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात, कधी यकृतावर आणि प्लेटलेटवर परिणाम होतो, रक्त तपासत राहावं लागतं. मुलगी असेल तर पुढे गर्भारपणात बाळाला गंभीर व्यंग होण्याचा धोका असल्याने ते शक्यतो टाळतातच. फेनोबार्बिटोन या फिटच्या दुसऱ्या औषधाने मूल मंदावतं, अभ्यासाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाला ते देणं मला अजिबात पटत नाही. आणि फिट नसलेल्या मुलाला औषध देऊन पुढची फिट टळते असं कुणी नीट दाखवून दिलेलं नाही.

एक मात्र ठळक करून सांगतो. ज्यांच्या मुलांचं औषध आधीच चालू आहे त्यांनी हा धागा वाचून एका दिवसात बंद करू नका. एकदम थांबवल्याने फिट येऊ शकते, कधी लागोपाठ येत राहते. कमी करायचं तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू.

सातवीण
डॉक्टरांचं सगळं बरोबर आहे, पण मला दुसरी बाजू लिहायलाच हवी कारण आमच्याकडे थांबण्यात वेळ गेला.

माझी लेक पाच वर्षांची होती, रत्नागिरीत राहतो. छान बोलायची, गणपतीत पूर्ण आरती म्हणायची. मग हळूहळू उलटं सुरू झालं. आधी वाटलं कानाला ऐकू येत नाही, हाक मारली तर बघायची नाही, टीव्हीचा आवाज मात्र कळायचा. मग शब्द कमी झाले, 'पाणी' म्हणायचं सोडून हात ओढून माठाकडे न्यायची. कान तपासले, नॉर्मल. फिट? एकही नाही. ईईजी दिवसा जागेपणी काढला त्यात थोडंसं काही होतं, सांगितलं की फिट नाही तर काळजी नको, मोठी होईल तसं सुधारेल. आम्ही थांबलो. शेवटी मुंबईला रात्रभराचा ईईजी झाला तेव्हा कळलं की झोप लागली की तिच्या मेंदूत स्पाइक-वेव्ह जवळजवळ अखंड चालू असतात. लँडाउ-क्लेफ्नर नाव सांगितलं. स्टिरॉइड दिलं, नंतर क्लोबाझाम हे फिटचं औषध, स्पीच थेरपी अजून चालू आहे. बोलणं बरंच परत आलंय, पण सगळं नाही.

म्हणून कुणी 'फिट नाही ना, मग ईईजी विसरा' म्हणालं की माझ्या पोटात खड्डा पडतो.

डॉ_लाल_माती
सातवीण ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे, आणि या धाग्यात सगळ्यात आधी वाचावं असं हेच आहे. १९५७ साली या आजाराचं पहिलं वर्णन झालं आणि त्यातल्या काही मुलांना दिसणारी फिट कधीच येत नाही. तिथे स्पाइकच नुकसान करत असतात, गाढ झोपेत मेंदूला जे काम करायचं असतं ते होऊ देत नाहीत. पूर्वी गाढ झोपेचा ८५ टक्के भाग स्पाइक-वेव्हने भरला असेल तरच हे निदान करत, २०२२ च्या व्याख्येत ५० टक्क्यांपासून विचार करायला सांगितलाय. आणि हे जागेपणीच्या वीस मिनिटांत कळतच नाही, झोप हवीच.

म्हणजे फिट आहे की नाही या एका प्रश्नावर थांबून चालत नाही, मूल मागे जातंय का हेही विचारायला हवं. येत होतं ते यायचं बंद झालंय का? बोलणं, अक्षर, कपडे घालणं, ओळखीची गोष्ट सांगणं. पहिल्यापासून अभ्यासात कच्चं असणं वेगळं आणि जमत असलेलं हातातून जाणं वेगळं. दुसरं झालं तर एक महिनाही वाट बघू नका.

आणखी दोन अपवाद. एक, बाळ वर्षाच्या आतलं असेल आणि अंग एकदम दचकल्यासारखं दुमडून घेत असेल, झोपेतून उठल्यावर ओळीने, तर ती पोटदुखी नाही, त्याच दिवशी दाखवा. दुसरा, अंगावर पानाच्या आकाराचे पांढुरके चट्टे असलेला ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आजार. तिथे फिट यायच्या आधीच व्हिगाबॅट्रिन द्यावं का यावर मोठे अभ्यास झालेत. युरोपातल्या अभ्यासात फिट्सच्या बाबतीत फायदा दिसला, नंतरच्या अमेरिकेतल्या अभ्यासात बुद्धीच्या वाढीत फरक पडला नाही, आणि त्या औषधाने नजरेचा परीघ कमी होऊ शकतो. सगळ्यात जास्त धोका असलेल्या बाळांमध्येही हा प्रश्न इतका अवघड आहे, मग धडधाकट मुलाच्या कागदावरून बाटली हातात द्यायची घाई कशाला.

वेंगुर्ल्याचो_बापूस
माका मनातला मालवणीतच येता म्हणान तसाच लिवतंय. माझ्या झिलाचो ईईजी असोच इलेलो, तेका एकदाव झटको इलो नाय. डॉक्टरान सांगल्यान औषध नको, फकस्त लक्ष ठेवा आणि काय दिसला तर मोबायलात घेवा. आमी तसाच केला. आता तो पाचवीत आसा, बरो आसा. माझो बरो म्हणान तुझो बरोच आसतलो असा मी सांगूक शकत नाय बाय, पण घाबरा नको. घाबारलेल्या आवशीक बघून पोरगो जास्त घाबारता.

कलमबाग
@वेंगुर्ल्याचो_बापूस दादा, वाचून रडूच आलं. @डॉ_लाल_माती सर, तो मागे गेलेला नाही. लिहायचा कंटाळा पहिलीपासूनच आहे, बोलतो भरपूर, बागेतल्या प्रत्येक कलमाची गोष्ट सांगतो, गणितं तोंडी पटपट करतो. पण बाई म्हणतात हाक मारली की लक्ष नसतं, ती फिटच असेल का? म्हणजे आम्ही नाही नाही म्हणतोय आणि त्याला येतच असेल तर?

डॉ_लाल_माती
हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. 'फिट नाही' म्हणजे आपण बघितलेली नाही.

तंद्रीतलं मूल खांद्याला हात लावला, नाव घेऊन हलवलं की भानावर येतं. अ‍ॅब्सेन्स फिटमध्ये येत नाही, काही सेकंद नजर थिजते, हातातलं काम मधेच थांबतं, बोलता बोलता शब्द तुटतो आणि मग काहीच झालं नाही असं पुढे सुरू. बाईंना सांगा की असं दिसलं तर जवळ जाऊन हात लावून बघा. त्या फिटचा ईईजीही वेगळा असतो, सेकंदाला तीनच्या आसपास स्पाइक-वेव्ह दोन्ही बाजूंना, आणि तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला की बहुतेक वेळा समोरच येते. तुमच्या रिपोर्टात तसं लिहिलेलं नाही.

रोलँडिकची फिट बहुतेकदा झोपेत येते, झोप लागल्यावर थोड्या वेळात किंवा पहाटे. तोंडाची एक बाजू ओढली जाते, लाळ गळते, घशातून घोगरा आवाज येतो, मूल जागं असून बोलू शकत नाही. काही दिवस त्याच्याजवळ झोपा. सकाळी उशी एका बाजूला खूप ओली, जीभ चावलेली, अंथरुणात लघवी झालेली असं काही दिसलं तर सांगा. हे सगळं नाही निघालं तर मग खरंच 'फिट नाही' म्हणता येईल.

दर्यासारंग
थोडं वेगळं बोलतो, कारण याचा विचार आपण पोरं लहान असताना करत नाही. कागदावर एकदा 'एपिलेप्सी' लिहिलं गेलं की ते पुसायला फार त्रास होतो. गाडीच्या लायसनच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न आहे. आपल्याकडची निम्मी पोरं मर्चंट नेव्हीची स्वप्नं बघतात, तिथल्या मेडिकलला फिट्सचा इतिहास अडतो. लग्नाच्या वेळी लोक काय काय विचारतात ते सांगायला नको. पूर्वी तर हिंदू विवाह कायद्यातच एपिलेप्सी लग्नाच्या आड येत होती, ते १९९९ ला काढून टाकलं, पण लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही.

ज्याला खरंच आहे त्याने लपवू नये, औषध घ्यावं, ताठ मानेने जगावं, माझ्या बोटीवरचा एक जुना सोबती तसाच जगला. पण ज्याला नाही त्याच्या फाइलवर कुणी घाईत लिहू नये. ताई, कोल्हापूरला गेलात की डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, 'फिटचा इतिहास नाही, ईईजीमध्ये अमुक बदल, औषधाची गरज नाही'. हा कागद पुढे उपयोगी पडेल.

रातांबा
सगळं वाचलं. डॉक्टर, तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास आहे. पण मला एक सांगा, औषध नाही दिलं आणि रात्री दोन वाजता वाडीत फिट आली तर? तिथून दवाखाना किती लांब, पावसाळ्यात साकवावरून पाणी जातं. आईने काय करायचं? ते सांगितलंत तर मीही म्हणेन थांबा.

डॉ_लाल_माती
काकू, बरोबर विचारलंत. लांबच्या वाडीत राहणाऱ्यांना थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरने हे सांगितल्याशिवाय पेशंटला उठू देऊ नये.

मुलाला कुशीवर वळवा, लाळ बाहेर पडू द्या. डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचं बटण सोडा. घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका, त्याने फिट थांबत नाही, जी थांबते ती आपोआप थांबते. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत संपतात, मग मूल झोपतं, झोपू द्या. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर गाडी काढा, १०८ ला फोन लावा. तुमच्यासारख्या लांबच्या घरांसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, तो घरात ठेवावा का आणि किती मारायचा हे आपल्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. रोजचं औषध न देताही तयारी करता येते ती अशी.

आणि विहीर, तळी, खाडी. आठ वर्षांच्या कुठल्याही मुलाने तिथे एकट्याने जाऊ नये, ईईजी कसाही असो.

रातांबा
आता पटलं. ताई, मी पहिल्यांदा लिहिलं ते भीतीने लिहिलं होतं. तू झोपेतला ईईजी करून घे.

कलमबाग
मंडळी, अपडेट देते, उशीर झाला, सीझन संपेपर्यंत बसायला वेळच नव्हता.

भावाकडे मुक्काम केला, केस आदल्या रात्री धुतले, रात्री त्याला मामाबरोबर पत्ते खेळत जागवलं. तारा लावल्यावर दहाव्या मिनिटाला घोरायला लागला. झोपेतलं रेकॉर्डिंग चांगलं लांब मिळालं. जुनं रेकॉर्डिंगही पेन ड्राइव्हवर नेलं होतं (द्यायला जरा कुरकुर केली पण मिळालं). डॉक्टरांनी दोन्ही स्क्रीनवर उघडून मला दाखवलं, हा स्पाइक, हा बघा तो रडतोय, हा नुसता हललाय. स्पाइक खरे आहेत, उजव्या बाजूलाच, झोपेत वाढतात पण पन्नास टक्क्यांच्या जवळपासही नाहीत. जोरात श्वास घ्यायला लावलं त्यात काही आलं नाही.

औषध नाही. वर्षभराने परत झोपेतला ईईजी, मधे काही मागे जातंय असं वाटलं तर लगेच. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. म्हणाले की या स्पाइकवाल्या मुलांमध्ये लक्ष आणि लिहिण्याचे प्रश्न थोडे जास्त दिसतात हे खरं, पण स्पाइक दाबले म्हणजे अक्षर सुधारतं असा पुरावा नाही, तेव्हा अक्षराचा प्रश्न अक्षराच्या बाजूनेच सोडवा. डोळे तपासले, लांबचा नंबर निघाला. बाई मागून हाक मारतात तेव्हा तो ऐकत नाही की फळा दिसत नाही म्हणून गप्प बसतो हे आता चष्मा लागल्यावर बघू. शिकण्याच्या अडचणीची चाचणीही सांगितली आहे, तिची वेळ मिळालीय. सिरप मेडिकलवाल्याने परत घेतलं.

सासूबाई गाऱ्हाणं घालून आल्या, मीही गेले होते बरोबर.

खाडीपलीकडे
बरं वाटलं गं ताई. चाचणीत लर्निंग डिसॅबिलिटी निघाली तरी खचू नकोस, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तिचा समावेश आहे, सर्टिफिकेट मिळालं की परीक्षेत जास्त वेळ वगैरे सवलती मिळतात. माझ्या भाचीने घेतल्या, आता अकरावीला आहे.

सातवीण
खूप छान. एक कर, आज त्याचा बोलतानाचा आणि वाचतानाचा व्हिडिओ काढून ठेव, सहा महिन्यांनी परत काढ. रोज बघणाऱ्या आईला मागे जाणं लवकर कळत नाही, मला नव्हतं कळलं. व्हिडिओ शेजारी शेजारी लावले की कळतं.

कलमबाग
@सातवीण ताई, आजच काढते. तुझ्या लेकीला खूप आशीर्वाद.

आता शेवटचा प्रश्न. शाळेत सांगायचं का? नवरा म्हणतो सांगू नको, उगाच पोरं चिडवतील, बाई त्याला खेळायला सोडणार नाहीत.

दर्यासारंग
माझं मत सांगू नका. फिट नाही तर सांगण्यासारखं आहे काय?

डॉ_लाल_माती
वर्गशिक्षिकेला सांगा, सगळ्या शाळेला नको. 'आजार आहे' असं सांगायचं नाही, 'तपासणीत थोडा बदल आहे, फिट नाही, औषध नाही, खेळ पोहणं सगळं चालू' असं सांगायचं. नजर थिजली तर हात लावून बघा, आणि चुकून फिट आलीच तर काय करायचं ते अर्ध्या पानावर लिहून द्या. खरं तर ते अर्धं पान प्रत्येक शाळेत भिंतीवर हवं, तुमच्या मुलासाठी नाही, कुणालाही लागू शकतं. आणि चष्म्याचं सांगून पुढच्या बाकावर बसवायला सांगा.

कलमबाग
ठीक आहे, सोमवारी बाईंना भेटते. कागद मराठीत लिहून आधी इथे टाकते, काही राहिलं असेल तर सांगा.